पुलाअलीकडची वाट

कार्तिकी पौर्णिमेला भायखळ्याच्या शेठ मोतीशा यांच्या आदीश्वर मंदिराकडे पहाटेपासून भाविकांची रीघ लागते. ज्यांना त्या दिवशी शत्रुंजयावर जाणे घडत नाही, त्यांनी येथे येऊन यात्रेचे पुण्य जोडावे, ही मुंबईची जुनी रीत आहे. चातुर्मास संपलेला असतो, साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात आणि चार महिने पावसाने अडवलेल्या वाटा मोकळ्या होतात. याच सुमारास, मंदिरापासून फार लांब नसलेल्या घोडपदेवमधून आणखी एका प्रकारचे प्रवासी बाहेर पडताना दिसू लागले आहेत. सायकलीच्या मागच्या कॅरिअरला दोन्ही अंगांनी पिशव्या लटकवलेल्या, हँडलवर पाण्याच्या बाटल्या, आणि घरातून निघताना वडीलधाऱ्यांनी विचारलेला प्रश्न अजून कानात: ‘अरे, दारात गाडी उभी आहे, ड्रायव्हर आहे, मग हे कष्ट कशासाठी?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या पिढीने दारूखान्यात लोखंडाच्या पट्ट्या आणि सळ्या मोजत, हातगाडीमागे चालत पेढी उभी केली, तिला पायांचे कष्ट टाळणे हेच प्रगतीचे लक्षण वाटले तर त्यात नवल नाही. त्या पिढीने विचारलेला दुसरा प्रश्न मात्र अधिक नेमका असतो: ‘त्या रस्त्यावर ट्रक किती असतात?’ सायकलच्या प्रवासाची सारी योजना या एका प्रश्नापासून सुरू होते.

घोडपदेवच्या माणसाला शहराबाहेर पडायचे तर वाटा तीन. पहिली जमिनीवरची. शीव, वाशी, पनवेल, वडखळ करीत अलिबागला जाणारी ही वाट सुमारे शंभर किलोमीटरची असून तिच्यावर कंटेनर आणि ट्रेलर यांची अखंड वर्दळ असते. दुसरी वाट अगदी हाकेच्या अंतरावर आहे. शिवडीहून समुद्रावरून न्हावाशेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. परंतु त्यावर दुचाकीला, तीनचाकीला आणि सायकललाही मज्जाव आहे. २००९ साली खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही सायकलला प्रवेश नाही. घराच्या गच्चीतून दिसणारा पूल ओलांडता येत नाही, हे घोडपदेवच्या सायकलस्वाराचे दैव. उरते ती तिसरी, सर्वांत जुनी वाट: भाऊचा धक्का.

घोडपदेवहून रे रोडमार्गे धक्का अवघा अडीच-तीन किलोमीटर. एकोणिसाव्या शतकातील कंत्राटदार लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांना लोक ‘भाऊ’ म्हणत. त्यांचेच नाव या धक्क्याला चिकटले. पहाटेच्या वेळी तेथील मासळीचा बाजार आणि त्याचा दर्प शाकाहारी माणसाला सहन होण्यासारखा नसतो, हे आधीच सांगितलेले बरे. परंतु मोटारी वाहून नेणाऱ्या रो-रो बोटीचे स्थानक त्यापासून वेगळे आहे. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ही बोट सुमारे तासाभरात मांडव्याला पोहोचते. सायकल ढकलत आत न्यायची, कठड्याला दोरीने बांधायची आणि वर जाऊन बसायचे. बंदरातली जहाजे, दूरवरचे कारखाने, मागे सरकणारी शहराची रेघ पाहता पाहता मांडवा येते. शंभर किलोमीटरच्या ट्रेलरांच्या रस्त्याला या एका तासाने उत्तर दिलेले असते.

मांडव्याहून पुढचा रस्ता आरंभी सौम्य आहे. सासवणे, आवास, किहीम या गावांतून माडा-पोफळींच्या सावलीत तो अलिबागकडे जातो. सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांच्या घरात त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. अर्धा तास थांबण्याजोगे. अलिबागेनंतर रेवदंडा, तेथून कुंडलिका नदीच्या मुखावरील पूल ओलांडून साळाव, मग कोर्लई. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली आजही घराघरांत बोलली जाते. हे मोटारीतून जाणाऱ्याला क्वचितच कळते. कोर्लईत पाणी मागायला थांबलेल्या सायकलस्वाराला ती बोली ऐकू येते.

खरी वाट कोर्लईच्या पुढे सुरू होते. डावीकडे डोंगर समुद्राला इतके जवळ येतात की रस्त्याला पायथ्याशी जागाच उरत नाही; तो चढतो, वळतो, झाडीत शिरतो, पुन्हा किनाऱ्याला उतरतो. काशीदला सुरूची बने लागतात, पुढे पुन्हा चढ, नांदगाव, आणखी एक चढ, आणि मग जंजिऱ्याच्या नवाबाच्या वाड्याजवळून मुरूडचा उपसागर एकदम डोळ्यांसमोर उघडतो. या रस्त्याच्या पूर्वेला फणसाडचे अभयारण्य आहे. कधीकाळी नवाबाची शिकारीची राखीव जागा असलेले हे सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे जंगल १९८६ मध्ये अभयारण्य झाले. ऐन, किंजळ, जांभूळ, आणि त्यांच्यावर चढलेल्या गारंबीच्या महावेली, ज्यांच्या शेंगा हातभराहून लांब असतात. सुपेगावकडे जाणारा फाटा पकडला तर सकाळच्या वेळी उंच फांदीवर शेकरूही दिसू शकते. जेथे राजे बंदूक घेऊन जात होते तेथे आज माणूस आवाज न करता दोन चाकांवर जाऊ शकतो, हा बदल लहान नाही.

आता चढाचा हिशेब. पायी चालणारा माणूस अंतर मोजतो; सायकलस्वाराला चढ मोजावा लागतो, आणि येथेच नवशिके फसतात. नकाशावर मांडवा ते मुरूड साधारण सत्तर किलोमीटर. सपाटीवर ताशी पंधरा किलोमीटरचा वेग धरला तर पावणेपाच तासांचे काम. परंतु सामान धरून नव्वद किलोचे ओझे वर न्यायचे असेल, तर नियमित व्यायाम करणाऱ्या साधारण माणसाला तासाला तीनशे ते चारशे मीटरहून अधिक उंची गाठवत नाही. म्हणजे शंभर मीटरचा प्रत्येक चढ पंधरा ते वीस मिनिटे खातो. दिवसात पन्नास-पन्नास मीटरचे दहा चढ आले तर पाचशे मीटर होतात. संध्याकाळी माणूस समुद्रसपाटीवरून निघून समुद्रसपाटीवरच पोहोचलेला असतो, नकाशा पाहणाऱ्याला वाटते काहीच चढले नाही. पण पाय सांगतात तो आकडा वेगळाच असतो. पेढीवर मोठा खर्च सगळ्यांच्या नजरेत असतो, किरकोळ खर्चाने मात्र वर्षाअखेरीस गल्ला रिकामा झालेला आढळतो. कोकणाचा किनारी रस्ता अगदी तसा आहे.

चढासाठी लागते ती ताकद कमी, दातांचे गणित अधिक. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला पुढे ४८ आणि मागे १८ दात असले, तर पॅडलची एक फेरी सायकलीला सुमारे पावणेसहा मीटर पुढे नेते. सपाटीवर हे उत्तम. शंभराला आठ असा चढ आला की ताशी सहा किलोमीटरच्या वेगाने पॅडल मिनिटाला जेमतेम सतरा-अठरा वेळा फिरते, प्रत्येक फेरीला सारे अंग उभे करून लोटावे लागते आणि शेवटी स्वार खाली उतरतो. पुढे ३० आणि मागे ३४ दातांची जोडी असेल तर एका फेरीत सायकल फक्त एक मीटर नव्वद सेंटीमीटर जाते. त्याच वेगाला पॅडल मिनिटाला पन्नासहून अधिक वेळा, हलके हलके फिरत राहते. श्रम तेवढेच, पण ते लहान लहान हप्त्यांत फेडले जातात. गुडघे वाचतात. दुकानात महागडी, वजनाला हलकी सायकल दाखवणारा विक्रेता मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला किती दात आहेत हे क्वचितच सांगतो. गिऱ्हाइकाने ते विचारावे.

हे गणित ज्याने आयुष्यभर जगाला समजावले तो माणूस एक व्यापारी होता. फ्रान्सच्या मध्यभागातील सेंत-एतिएन हे रेशमी फितींचे गाव. तेथे पॉल द व्हिव्ही नावाचा रेशमाचा व्यापारी राहत असे. त्याचा जन्म १८५३ चा. तिशीच्या उंबरठ्यावर त्याला सायकलीचे वेड लागले आणि १८८७ मध्ये त्याने रेशमाचा धंदा सोडून सायकलींचे दुकान थाटले, सोबत सायकलस्वारांसाठी एक नियतकालिक काढले. त्यात तो ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत असे. चालता धंदा सोडण्याच्या या निर्णयाबद्दल त्याच्या घरच्यांना काय वाटले असेल, याची कल्पना व्यापारी घरातील कोणालाही करता येईल.

सेंत-एतिएनच्या दक्षिणेला पिलाचे डोंगर आहेत. गावातून निघालेला रस्ता फर आणि बीचच्या दाट रानातून १,१६१ मीटर उंचीच्या खिंडीपर्यंत चढतो. त्या खिंडीचे एक नाव प्रजासत्ताकाची खिंड आणि दुसरे ‘मोठ्या रानाची खिंड’. व्हेलोसिओ या चढावर वर्षानुवर्षे वेगवेगळे गिअर घेऊन जात राहिला. किती दातांनी किती दमणूक होते याच्या नोंदी ठेवीत राहिला. तो शाकाहारी होता. सायकल-भ्रमंतीसाठी त्याने जे थोडे नियम लिहून ठेवले त्यांत भूक लागण्याआधी खाणे, तहान लागण्याआधी पिणे, निदान प्रवासात तरी मद्य, मांस आणि तंबाखू यांपासून दूर राहणे, आणि केवळ अहंकारापोटी कधीही पॅडल न मारणे, यांचा समावेश आहे. शेवटचा नियम पाळायला सर्वांत अवघड. बरोबरचा मित्र चढावर पुढे निघून गेला की हा नियम आठवतो, पण पाळला जात नाही.

‘तूर द फ्रान्स’ या प्रसिद्ध शर्यतीचा जनक आंरी देग्रांज याला गिअर बदलण्याची सोय म्हणजे दुबळ्यांची आणि वयस्करांची काठी वाटे. १९०३ मध्ये सुरू झालेल्या त्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला १९३७ पर्यंत परवानगी मिळाली नाही. तोपर्यंत शर्यतपटू उतरून, चाक उलटे करून, दुसरे चक्र लावीत आणि पुन्हा बसत. आणि तेव्हा सेंत-एतिएनच्या आसपासचे साधे कारकून आणि दुकानदार तीन-चार गिअरांवर आरामात तीच खिंड चढून जात होते. ज्याला जिंकायचे नव्हते त्याच्याजवळ अधिक चांगले यंत्र होते. व्हेलोसिओ १९३० मध्ये वारला. त्याच्या स्मरणार्थ त्या खिंडीवर स्मारक आहे, आणि त्याच्या नावाचा वार्षिक चढाईचा दिवस, जो त्याच्या हयातीतच १९२२ मध्ये सुरू झाला.

मुंबईला मात्र ही विद्या परदेशातून शिकावी लागली, असे समजण्याचे कारण नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या एका व्यायाम संघातील सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर करून मार्च १९२८ मध्ये परतले. बाकीचे तिघे वाटेत वेगळे झाले. इराणची वाळवंटे आणि युरोपातले घाट त्यांनी पार केले. त्या तिघांची छायाचित्रे पाहिली की सायकलींवरच्या सामानाकडे प्रथम लक्ष जाते.

आज फ्रान्सच्या टेकड्यांची खरी ओळख मुंबईकरांना होते ती पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या चार वर्षांतून एकदा होणाऱ्या भ्रमणामुळे. १,२०० किलोमीटर, बहुतेकांसाठी ९० तासांची मर्यादा. २०१९ आणि २०२३ मध्ये भारतातून शेकडो स्वार तेथे गेले. त्यांतील पुष्कळांना वेळेत पोहोचता आले नाही. ब्रिटनी प्रांतात एकही मोठा डोंगर नाही. वाटेतला सर्वांत उंच माथा चारशे मीटरांच्याही आत आहे. तरीही एकूण चढ सुमारे १२,००० मीटरचा होतो. टेकडी संपते तोच ओढा, ओढ्यावर रान, रानातून पुन्हा टेकडी. त्यात ऑगस्टमधली मुंबईकराला न सोसणारी रात्रीची थंडी. जे कोकणच्या किनाऱ्यावर सराव करून गेले त्यांना ते चढ ओळखीचे वाटले असतील. जे फक्त पहाटेच्या सपाट महामार्गावर वेग वाढवीत राहिले त्यांना नव्हे.

आपल्या घरांतील मुलामुलींना तेथे जायचे असेल तर आहाराची एक गोष्ट आधी ठाऊक असावी. ब्रेस्तच्या वाटेवर गावकरी आपल्या अंगणात टेबल मांडून स्वारांना कॉफी आणि पातळ घावनांसारखे क्रेप देतात. प्रेमाने देतात, पैसे घेत नाहीत. त्या क्रेपमध्ये अंडे असते. चीजमध्ये पुष्कळदा वासराच्या जठरातून काढलेले विरजण असते. लांब बागेत पाव मात्र पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढ्यावर होतो. यीस्ट वर्ज्य मानणाऱ्यांना तोही नाही. फळे सर्वत्र मिळतात. खाखऱ्याचा डबा वजनाला हलका आणि चढावर उपयोगी.

कोकणात हा प्रश्न निराळ्या रूपाने येतो. किनाऱ्यावरील खाणावळींत मासळी हेच मुख्य अन्न, आणि अलिबागेच्या ज्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्याच्या माळा रस्त्याच्या दोन्ही कडांना लटकत असतात. तरीही उपाशी राहण्याची पाळी येत नाही. शहाळे, केळी, कोकम सरबत, दडपे किंवा दही-पोहे, आणि सकाळीच फोन करून सांगितले तर कांदा-लसणाशिवाय वरण-भात आणि नारळाची उसळ करून देणारी घरे दिवेआगर-श्रीवर्धनकडे आहेत. घरून सुखडी आणि खाखरे न्यावेत. उकळलेले पाणी पिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की उन्हात चढ चढताना तासाला अर्धा लिटर पाणी सहज लागते, आणि दोन लिटर म्हणजे दोन किलो वजन. मुक्कामाच्या ठिकाणी रात्रीच पाणी उकळून ठेवायला सांगणे हाच त्यावर उपाय.

चोविहार पाळणाऱ्याचा दिवस तर घड्याळाने बांधलेला असतो. डिसेंबरात या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. नवकारशीच्या दोन घटका गेल्यावर न्याहारी, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे. समजा, बोटीतून उतरून मांडव्याहून साडेनऊला पॅडल फिरू लागले. सपाटीचे पावणेपाच तास, चढांचा दीड तास, दुपारच्या जेवणाचा तास, पंक्चर किंवा वाट चुकण्यासाठी अर्धा. मुरूडला पोहोचताना सव्वापाच होतात, आणि जेवण तयार असेलच असे नाही. म्हणून पहिल्या दिवशी मुरूडचा हट्ट धरू नये; काशीद अथवा नांदगावला थांबावे. हे बंधन वाटते खरे, परंतु अंधारात घाट न उतरण्याचा जो नियम अनुभवी सायकलस्वार एकमेकांना सांगतात, तो यामुळे आपोआप पाळला जातो. उतारावर वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. दोन्ही ब्रेक थोडे थोडे लावावेत. झाडीतल्या वळणांवर पडलेली ओली पाने आणि जांभ्याची बारीक खडी ही ट्रकइतकीच धोक्याची आहे. आणि शनिवार-रविवार टाळावेत. त्या दोन दिवशी मुंबई-पुण्याच्या मोटारींनी अलिबाग-मुरूड रस्त्याची जी अवस्था होते ती पाहिली की वडिलांचा ट्रकांविषयीचा प्रश्न मोटारींविषयी विचारावासा वाटतो.

दुसऱ्या दिवशी मुरूडच्या पुढे आगरदांडा. येथे रस्ता संपतो. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी. मोटारी, माणसे, टेम्पो, सायकली वाहणाऱ्या सपाट बोटीला कोकणात ‘जंगलजेटी’ म्हणतात. पलीकडे उतरताच चढ लागतो, मग दिवेआगर, शेखाडीचा समुद्राला चिकटून जाणारा अप्रतिम रस्ता, श्रीवर्धन. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले तेव्हा दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांतील पोफळी आणि माड हजारोंनी आडवे झाले. पोफळीला फळ धरायला अनेक वर्षे लागतात. सुपारीचा व्यापार ज्यांना माहीत आहे त्यांना या वाक्याचा अर्थ अधिक सांगायला नको. आज रस्त्यावरून जाताना नव्या रोपांच्या रांगा आणि मध्येच मोकळे आकाश दिसते, तेथे पूर्वी सावली होती. श्रीवर्धनहून हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याला पुन्हा खाडी, पुन्हा जंगलजेटी, पलीकडे रत्नागिरी जिल्हा.

ही सारी वाट शांत राहिली ती या खाड्यांमुळे. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ: प्रत्येक खाडीपाशी रस्ता तुटतो, म्हणून दूरचा माल वाहणारा ट्रक या वाटेला येत नाही, तो मुंबई-गोवा महामार्गाने जातो. ज्या तुटकपणाला स्थानिक माणूस पिढ्यान्‌पिढ्या अडचण म्हणत आला, त्याच तुटकपणाने सायकलीला रस्ता राखून ठेवला. येथे स्थानिक माणसाचीच बाजू अधिक खरी आहे, हे मान्य केले पाहिजे. रात्री-अपरात्री बाळंतिणीला अलीकडे आणायचे असेल तर बोटीची वेळ पाहत बसणे हे काही सौंदर्य नव्हे. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाची आणि रेवस-करंजा पुलाची कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी १९८० च्या सुमारास मांडली तेव्हा त्यामागे हीच निकड होती. इतक्या वर्षांनी आता त्या पुलाचे काम हाती घेण्यात आले आहे. इतर खाड्यांवरही पूल योजलेले आहेत. बाणकोटच्या खाडीत तर एका अर्धवट पुलाचे खांब कित्येक वर्षे नुसतेच उभे राहिलेले प्रवाशांनी पाहिले आहेत. या पुलांना लागणारे पोलाद कोठून तरी विकत घेतले जाणारच, आणि दारूखान्यातल्या पेढ्यांना ही बातमी वाईट म्हणून येणार नाही.

प्रश्न पूल व्हावेत की नाहीत हा नाही. प्रश्न एवढाच, की पूल झाल्यावर बोट बंद झाली आणि पुलावर सायकलीला मनाई आली, तर घोडपदेवहून निघालेला माणूस खाडी ओलांडणार कसा? अटल सेतूचा अनुभव ताजा आहे. फ्रान्समध्ये ला रोशेलजवळच्या रे बेटावर जाण्यासाठी पूर्वी बोटच होती. १९८८ मध्ये तेथे जवळजवळ तीन किलोमीटरचा पूल झाला आणि मोटारींची ने-आण करणाऱ्या बोटी थांबल्या. परंतु पुलावर सायकलींसाठी वेगळी पट्टी ठेवली गेली. पुलाच्या एकूण रुंदीत ती पट्टी किती, आणि खर्चात किती, हा हिशेब करायला अभियंता लागत नाही, व्यापारी पुरेसा आहे. आरेखन कागदावर असताना ती मागितली तर मिळते. काँक्रीट ओतल्यावर मागणाऱ्याला उत्तर ठरलेले असते. महाराष्ट्रात ही मागणी सायकलचे वेड असलेले थोडे लोक करतात. व्यापारी संघटना, ज्यांच्या पत्राला मंत्रालयात अधिक वजन असते, त्यांनीही ती करायला हरकत नाही. त्यांचीच मुले आता या वाटेवर आहेत, आणि त्यांच्या गोदामांतले हमाल तर आजही सायकलीनेच कामाला येतात.

तूर्त आगरदांड्याला जंगलजेटी सुरू आहे. तिच्या दरफलकावर मोटार, टेम्पो, दुचाकी आणि माणूस यांच्याबरोबर सायकलीचा दरही लिहिलेला असतो. शेवटची बोट किती वाजता, हे मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्यावे. सुटल्यावर ती परत येत नाही, आणि मुरूडचा मुक्काम गाठायला पुन्हा तोच चढ असतो.